दोन रिळांचा ओढा

गावातल्या एकूण एक माणसाचं माप टेपमावशींना तोंडपाठ होतं. कुणाच्या पोटाचा घेर वाढला, कुणाचा खांदा एका बाजूला झुकला, हे त्या माणसाच्या आधी मावशींना कळायचं, आणि त्या ते कुणापाशी बोलायच्या नाहीत. नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. तेव्हापासून रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीशी मशीन लावून, त्या मान मोडेपर्यंत शिवत आल्या होत्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, सगळंच. घरामागून ओढा वाहायचा. मशीन थांबलं की त्याचा आवाज ऐकू यायचा. पण मशीन फारसं थांबत नसे.

लेक शिकली, शहरात नोकरीला लागली, तिकडेच संसार थाटला. एका सुट्टीत ती सात वर्षांच्या मुलीला घेऊन दोन आठवड्यांसाठी आली, पण ऑफिसही लॅपटॉपमधून बरोबर आलं. दिवसभर ती आतल्या खोलीत हेडफोन लावून बसायची आणि नात उंबरठ्यावर.

"आजी, इथे लहान मुलं काय करतात?" दुसऱ्या दिवशी नातीने विचारलं.

मावशींनी मशीन थांबवलं. इतक्या पोरांचे कपडे शिवले, पण ती पोरं ते कपडे घालून जातात कुठे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी गळ्यातला टेप काढून नातीच्या हातात दिला. "जा, गाव मोजून ये."

नातीने खरंच मोजायला घेतलं. शेळीचं शेपूट, विहिरीचा कठडा, दूधवाल्याची मिशी. एका झाडाची सावली तिने दोनदा मोजली, तर दुसऱ्या वेळी ती वाढलेली निघाली. शेजारच्या जुळ्या बहिणी आकडे लिहून घ्यायला बरोबर लागल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिघी मशीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, तुझ्या घरापासून ओढा सुरू होतो तिथपर्यंत किती लांब आहे?"

"टेप दीड मीटरचा. मोजता मोजता म्हातारी होशील."

"मग तुझ्याकडे सगळ्यात लांब काय आहे?"

मावशींनी फळीकडे पाहिलं. तिथे दोऱ्याची नवी रिळं होती, एकेक हजार मीटरचं. त्यांनी सुई कापडात तशीच रुतलेली सोडली, एक पांढरं आणि एक निळं रीळ पिशवीत टाकलं, वर उकडलेली अंडी ठेवली. आतल्या खोलीत डोकावून "ओढ्याने वर जातोय" म्हणाल्या. लेकीने स्क्रीनवरची नजर न हलवता हात हलवला.

मागच्या कुंपणाच्या खांबाला दोऱ्याचं टोक बांधलं आणि चौघी निघाल्या. नात रीळ धरून पुढे, मागे दोरा हळूच गवतावर उतरत जाणारा. शेतं संपली. ओढा अरुंद झाला आणि आवाज मात्र वाढला. पाण्यावर ऊन हलत होतं, ते झाडांच्या पोटाशीही हलत होतं, आणि मावशींना वाटलं की आपण चालत नाही आहोत, कुणीतरी हलक्या हाताने आपल्याला ओढून नेतंय. पोरी कुजबुजत बोलू लागल्या होत्या. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पांढरा दोरा संपला तिथे निळ्याची गाठ मारली. एक निळाच चतुर बराच वेळ दोऱ्यावर बसून बरोबर आल्यासारखा वाटला.

निळंही संपलं, तरी ओढा होताच. उरलेलं अंतर टेपने मोजलं: एकोणचाळीस वेळा. जुळ्यांपैकी एक चाळीस म्हणत होती, पण तिने एक आकडा दोनदा धरला होता. तिथे एका काळ्या दगडाखालून पाणी येत होतं, वाटीत मावेल एवढं, अजिबात आवाज न करता.

"एवढंसंच?" नात म्हणाली. मग ती पालथी पडून कितीतरी वेळ त्यात बोट बुडवून राहिली.

इकडे लेकीची मीटिंग संपली. घर फार शांत वाटलं, मशीनचा आवाज नाही, पोरीचा नाही. ती मागच्या दारी आली तर कुंपणापासून दोरा वर गेलेला. चपला तिथेच काढून ती त्याच्या कडेकडेने निघाली. काळ्या दगडाशी पोहोचली तेव्हा आई पाण्यात पाय सोडून बसलेली होती. आईची पोटरी तिने बहुधा पहिल्यांदाच उन्हात पाहिली.

"आई, तू इथे कधी आली होतीस?"

"आजच पहिल्यांदा."

लेक शेजारी टेकली. "लहानपणी किती मागे लागायचे मी, वर जाऊ या म्हणून."

"आणि मी तितक्यांदा म्हणायचे, एवढा झगा होऊ दे, मग जाऊ."

"माझी काही तक्रार नाही गं. त्या झग्यांवरच शिकले मी."

"तुझी नसेल," मावशी म्हणाल्या. "माझी आहे." मग त्यांनी अंडी सोलायला घेतली आणि पहिलं लेकीच्या हातावर ठेवलं, लहानपणी ठेवायच्या तसं, वरचा पापुद्रा बोटाने पुसून.

परतताना दोरा गुंडाळत यायचं ठरलं. जाण्याहून येण्याला दुप्पट वेळ लागला. लेकीने निळा गुंडाळला, पोरींनी पाळीपाळीने पांढरा. त्यात गवताच्या काड्या आणि शेळीचे दोन केस अडकले. त्या दोऱ्याने पुढे काही शिवता आलं नाही.

लेक आणि नात शहरात परतल्या, पण जुळ्या बुधवारी पुन्हा दारात आल्या, या वेळी आणखी चार पोरांना घेऊन. "मावशी, आज कुठे?" त्याच वेळी एक गृहस्थ पँट न्यायला आले होते. मावशींनी मशीनवर कापड पांघरलं.

"उद्या या," त्या गृहस्थांना म्हणाल्या, आणि पोरांच्या मागोमाग बाहेर पडल्या.