नाडीचा वळ

डॉक्टरनं काठी माझ्या उघड्या कमरेवर टेकवली आणि समोरच्या शिकाऊ पोरापोरींना म्हणाला, "जवळ येऊन बघा. लाजू नका, हिला काही कळत नाही."

मी टेबलावर उभी. पातळ सोडलेलं. परकर खाली ओढलेला, पडू नये म्हणून दोन्ही मुठींत धरलेला.

आज नातवंडांची आजी झाल्यावर त्या टेबलावरची बाई आठवते, तेव्हा आधी तिच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. काय नटून गेली होती! लग्नातलं पातळ, केसांना तेल, आणि जखमेवर चक्क पावडर. साहेबाला वास येऊ नये म्हणून. जशी काही कंबर पसंत करायला पाहुणे येणार होते.

जखम नाडीची. नवी नवरी होते तेव्हा सासूनं पाठीत गुडघा घालून माझ्या परकराची नाडी आवळली. गाडीवर कडबा आवळतात तशी. "ढिली बांधशीन तं वावरात फिटीन. लोकं काय म्हणतीन वं?"

दिवसभर वाकून निंदण. घाम, माती, आणि नाडी एकाच जागी कापत राहणार. कातडी सोलायची, खपली धरायची, पुन्हा सोलायची. मग काळी पडली. मी येडी तो वळ न्हाणीत जावांना दाखवायची. जिचा वळ खोल ती घरंदाज. दुसरा दागिना नव्हता, हाच मिरवला.

वर्षं गेली आणि त्या वळावर मांसाचा कोंब फुटला. फुलकोबीसारखा. रक्त यायचं. नवऱ्याला दाखवलं तर त्यानं लाथ घातली, नेमकी तिथंच. "काय रोग घिऊन आली वं माह्या घरात?"

मग आमच्या गावी, धामणगाव बढ्याला, तपासणीचं शिबिर झालं. हा डॉक्टर आला. कातडीचे रोग आणि कॅन्सर यांवर संशोधन करणारा, मोठं नाव. माझी जखम बघून त्याचा चेहरा उजळला. उजळला! मला वाटलं, माणूस किती मायाळू.

शहरातल्या दवाखान्यात बोलावलं. तुकडा कापला.

"साहेब, काय झालं मले?"

"पुढच्या वेळी या."

गेले. पुन्हा तुकडा, पुन्हा पुढची वेळ. कोंब मुठीएवढा झाला. मग एक दिवस त्या टेबलावर चढवलं.

काठी जखमेच्या कडेनं फिरत होती. तो सांगत होता, कातडी वर्षानुवर्षं एकाच जागी सोलली, भरली, पुन्हा सोलली, की पेशी बहकतात. वाढ थांबवायचं विसरतात. पोरं लिहून घेत होती.

"आणि इथे कॅन्सर झालाय. अडाणी बायका, आवळून घेतात. आपल्याला मात्र सुंदर मटेरियल मिळतं."

पोरं हसली.

कॅन्सर. माझ्या अंगातला. सगळ्या वर्गाला सांगितला, मला नाही.

काठी धरायला दोन हात लागणार होते. मी परकर सोडून दिला.

जन्मभर जो फिटू नये म्हणून कातडी दिली, तो गेला खाली. हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. मी काठी हिसकावली आणि त्याच्या खांद्यावर मोडेस्तोवर हाणली.

"आधी मले सांग बे! मंग त्याइले!"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

शिपायांनी फरफटत नेऊन पायऱ्यांवर टाकलं. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं खुर्चीवर बसवून तेच सांगितलं. त्याचं म्हणणं खरंच होतं. म्हणून जास्त पेटते मी. तिनं तळहाताएवढी कंबर कापली. जगले.

घरी आल्यावर विळा घेतला आणि घरातल्या सगळ्या नाड्या कापल्या. सासूची तर ती नेसलेली असताना. केवढी किंचाळली! तेव्हापासून आमच्याकडे परकराला बोटभर नाडी नाही, चांगली रुंद पट्टी असते.

सोमवारी शाळेत पुन्हा शिबिर आहे. शहरातून संशोधनवाले येणार, बायकांच्या कातडीचे तुकडे नेणार. न्या. रोग शोधा. पण फाटकात माझी खुर्ची राहील. बाहेर येणाऱ्या एकेकीला विचारीन, "काय कापलं, काऊन कापलं, तुले सांगतलं का?"

एक जरी 'नाही' म्हणाली, तर गाडी गावाबाहेर जाणार नाही. त्या विळ्यानं टायर फाटतो. जुन्या टायरवर करून पाहिलंय.