न भिजवलेली भिंत

गाद्दो गवंडी बोलायचा कमी, आणि जे काही बोलायचा ते बहुतेक भिंतीशीच. बाप चुन्याच्या भट्टीवर राबून गेला, आजाही तसाच गेला. गाद्दोचे हात विसाव्या वर्षीच म्हाताऱ्यासारखे भेगाळले होते. पण गिलावा करावा तर त्यानेच! सिएना शहराच्या वाटेवरच्या गावांत देवळं रंगवायला येणारे चित्रकार आधी विचारत, गाद्दो मोकळा आहे का?

विचारणारच. रंग बसतो तो ओल्या गिलाव्यात. तो सुकला की संपलं. म्हणून रोज सकाळी चित्रकाराला दिवसभरात रंगवून होईल एवढाच तुकडा लिंपायचा, आणि त्याआधी खालच्या थराला संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा पोटभर पाणी पाजायचं. भिंत तहानलेली राहिली तर वरचा थर धरत नाही. दिसायला सगळं ठाकठीक असतं. मग दहा-पंधरा वर्षांनी पापुद्रा सुटतो आणि चित्र खाली येतं. तोवर गवंडी कोण होता हे कुणाच्या लक्षात असतंय?

आमच्या गावात लागोपाठ दोन पिकं बुडाली, त्या साली गाद्दोची फीना सहा वर्षांची होती. गावात धान्य नव्हतं असं नाही. रानुच्चो धन्याचं कोठार गच्च भरलेलं होतं, पण त्याने त्याला कुलूप घातलं. गाद्दो पोरीला खांद्यावर घेऊन तीन दिवस त्याच्या दारात उभा राहिला, आणि तिन्ही दिवस कारभाऱ्याने उद्या या म्हणून सांगितलं. भुकेने पोखरलेल्या अंगात ताप शिरला आणि ईस्टरच्या आधीच पोर गेली. गाद्दो आणि त्याची बायको लापा यांना पुन्हा मूल झालं नाही.

याला अकरा वर्षं झाली, आणि रानुच्चोचे पाय सुजायला लागले. मरण दिसलं की माणसाला देव आठवतो. त्याने संत निकोलाच्या नावाने एक छोटं देऊळ बांधलं आणि रंगवायला तूरा उस्तादांना बोलावलं. डाव्या भिंतीवर काय, तर संताच्या पायाशी खुद्द रानुच्चो धनी गोरगरिबांच्या पोरांना पाव वाटताहेत!

“भिंतीवर वाटायला काय जातंय?” दारूच्या गुत्त्यावर लोक म्हणाले. “खरे वाटायचे तेव्हा किल्ली उशाशी घेऊन झोपला होता मेला.”

गाद्दोने ते काम घेतलं. नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल, आणि वाईट करील, एवढंच तो म्हणाला. संत निकोलाच्या चित्राचे तीन दिवस त्याने नेहमीसारखे नेकीने केले. चौथ्या दिवसाआधी तूरा म्हणाले, “उद्या धन्यांचा चेहरा. तुकडा जरा मोठा लिंप. शेजारी एक पोर काढायचंय.”

त्या संध्याकाळी गाद्दोने भिंतीला पाणी दाखवलं नाही. सकाळीही नाही. कोरड्या भिंतीवर त्याने असा गुळगुळीत गिलावा चढवला की बघणाऱ्याने वाहवा करावी. मनाला टोचणी लागली नाही. उलट कितीतरी वर्षांनी त्याला बरं वाटत होतं.

धनी येऊन तिवईवर बसला. तूरा परांचीवर चढून चेहरा काढू लागले. दुपारच्या सुमाराला ते कुरकुरले, “काय रे गाद्दो, आज भिंत रंग घटाघटा पितेय!”

“वारा सुटलाय, उस्ताद.”

“किती टिकेल रे हे?” धन्याने विचारलं.

“आपल्या मागे कितीतरी वर्षं, धनी,” गाद्दो म्हणाला. खोटं बोलायला त्याला मुळीच जड गेलं नाही.

उन्हं कलली तशी लापा शिजवलेल्या वालाच्या दाण्यांचं भांडं घेऊन आली. तूरांनी वरूनच हाक मारली, “लापाबाई, बघा बरं, जमलंय का?”

लापाने वर बघितलं आणि भांडं खाली ठेवलं. “अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “बघा ना वर.”

गाद्दोने बघितलं. विहिरीच्या काठावर पडून मधोमध तुटलेली डावी भुवई, पुढच्या दातांतली फट, कपाळावर कधीच न बसणारी केसांची बट. फीना! दोन्ही हात पसरून उभी होती, आणि रानुच्चो तिच्या हातावर पाव ठेवत होता.

“तिचा चेहरा आठवेनासा झालाय म्हणून रडलात ना तुम्ही?” लापा म्हणाली. “मला आठवत होता. आठ दिवस उस्तादांना सांगत होते मी.”

गाद्दो परांचीपाशी गेला. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. धन्याचं तोंड गळून पडलं असतं. पण त्याच तुकड्यावर त्याची पोर होती.

“उस्ताद, भिंत मी भिजवली नाही,” तो म्हणाला.

“काय?” तूरा परांचीवरून जवळजवळ पडलेच. “आणि वर वारा सुटलाय म्हणून सांगतोस, गाढवा?”

“का नाही भिजवलीस?” धन्याने विचारलं.

“तुमचं तोंड झडून पडावं म्हणून, धनी. ही माझी पोर. तीन दिवस तुमच्या दारात घेऊन उभा होतो.”

धन्याने चित्रातल्या पोरीकडे निरखून बघितलं. “मला आठवत नाही,” तो म्हणाला. आणि गाद्दोला वाटलं, याने मला चाबकाने फोडून काढलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मग धनी काठी टेकत उठला. “हे खरवडून काढ. उद्या पुन्हा लिंप. आणि उस्ताद, पाव तिच्या हातावर द्यायचा नाही. माझ्याच हातात ठेवा. तिचे हात असेच राहू देत, रिकामे.”

“धनी, लोक काय म्हणतील?”

“मी देतोय असंच म्हणतील. तुम्ही काढा.”

गिलावा घट्ट व्हायच्या आत काढायला हवा होता. धन्याचं तोंड गाद्दोने दोन फटकाऱ्यांत उडवलं. थापी फीनाच्या भुवईपाशी आली आणि हात थबकला. पोटच्या पोरीला दुसऱ्यांदा पुसायचं, तेही आपल्या हाताने!

“करा हो,” लापा खालून म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. “भिंत भिजवायचीय अजून.”

विहिरीवरून घागरी तिनेच भरून आणल्या. गाद्दोने त्या भिंतीला जेवढं पाणी पाजलं तेवढं जन्मात कुठल्या भिंतीला पाजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तूरांनी पुन्हा सगळं काढलं, आणि फीना आदल्या दिवशीपेक्षाही हुबेहूब उतरली.

रानुच्चो त्याच हिवाळ्यात गेला. गाद्दो त्याच्यामागे पुष्कळ जगला. लापा गेल्यावर तर तो रोजच त्या देवळात जाऊन बसायचा. एकदा नवीन आलेले पाद्री यात्रेकरूंना ती भिंत दाखवत होते. “केवढा दयाळू माणूस! बघा, आता पाव देईलच.”

बाकावरून गाद्दो म्हणाला, “वीस वर्षं बघतोय, फादर. अजून दिलेला नाही.”