तीन मिनिटांत नमन

सकाळचे पाच पन्नास. स्लाऊतल्या एका सँडविच कारखान्यात नंदा कुदळे सरकत्या पट्ट्यावरच्या ब्रेडवर काकडी ठेवत आहेत आणि पट्ट्याच्या ठेक्यावर पुटपुटत आहेत. पोवाडा जुळतो आहे. काकडी अधूनमधून चुकते.

नंदाताई मूळच्या कोरेगावच्या, लग्न होऊन इंग्लंडला आल्या. शाहिरीची कारकीर्द सुरू होताच संपणार होती. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी अध्यक्षांच्या लांबलेल्या भाषणावर कडवे रचले, आणि अध्यक्षांना ते कळले. तेव्हापासून मंडळ बोलावत नाही, संपवाले बोलावतात. भाड्याच्या घरातली बुरशी, बंद पडलेले वाचनालय, डॉक्टरची न मिळणारी अपॉइंटमेंट, सगळ्यांवर त्यांचे पोवाडे आहेत. चाल बहुधा एकच. आवाज गोड नाही, पण कार पार्कच्या टोकापर्यंत जातो.

यंदाचा विषय त्यांची स्वतःची बस. त्या राहतात त्या गावातली पहाटेची पहिली बस बंद करायचे कौन्सिलने जवळपास ठरवले होते. बस गेली की पहाटेची पाळी गेली, त्यांची आणि पट्ट्यावरच्या डझनभर बायकांची.

कौन्सिलच्या सभेत नागरिकाला तीन मिनिटे मिळतात. मार्चमध्ये नंदाताई डफ घेऊन उभ्या राहिल्या. नमन सुरू झाले: गणपती, शारदा, ग्रामदैवत, गुरू, आईवडील. कृष्णामाईपाशी घंटी वाजली. बस अजून यायचीच होती.

"लव्हली," कौन्सिलच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

जूनमध्ये दुसरी संधी मिळाली. तुणतुणेवाला उदय एरवी बँकेचे सॉफ्टवेअर सांभाळतो. तो फोनवर स्टॉपवॉच लावून आला.

"नंदाताई, या वेळी नमन स्किप करा ना. देवाला नंतर ईमेल टाकू."

"नमनाशिवाय पोवाडा? मग तूच उभा राहा, तुझ्या त्या स्लाइड्स घेऊन."

"अहो, बस जाईल!"

"गेली तर तू सोड मला कारखान्यात. रोज, पाच वाजता."

उदयने तुणतुणे लावायला घेतले.

नमन झालेच. शब्द इंग्रजी, चाल पोवाड्याची. पहिले नमन पहिल्या बसला, दुसरे तिच्या ड्रायव्हरला, तिसरे धुक्यात स्टॉपवर उभ्या असलेल्या मार्टाच्या गुडघ्यांना. मग एकेका बाईला, नावानिशी. शेवटचे, त्या बसमध्ये कधीच न चढलेल्या समस्त सभासदांना. मागच्या रांगेतून बायका दर ओळीला "जी जी रं जी" म्हणत होत्या. मराठी त्यांच्यातल्या एकीलाच येत होती, आणि तीच मागे पडत होती.

पुन्हा घंटी वाजली. पोवाडा अजून सुरूच झाला नव्हता. एका सभासदाने विचारले, मार्टा कोण? मार्टा उठली, गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला. सभागृह थांबून राहिले. बस डिसेंबरपर्यंत चालू ठेवायचे ठरले, फेरविचार तेव्हा.

"लव्हली," अध्यक्षबाई म्हणाल्या, जरा हळू.

नंदाताई नाराज आहेत. मुख्य पोवाडा अजून कोणी ऐकलेलाच नाही. पट्ट्यावर सध्या डिसेंबरचे नमन चालू आहे, त्यात मार्टाचे गुडघे आता दोन ओळी खातात.

उद्या गुरुवार. पहिली बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटेल. वेळापत्रक स्टॉपवर लावलेले आहे.