पट्टा नको, झोप हवी

“डॉक्टर, हिच्या पोटाला तेवढा पट्टा बसवून द्या,” येडगावचे दत्तूभाऊ म्हणाले. त्यांची बायको सिंधूताई शेजारी खाली मान घालून बसली होती.

मी दुर्बिणीनं ऑपरेशन करणारा सर्जन. प्रॅक्टिस पुण्यात, आठवड्यातून एकदा नारायणगावात ओपीडी. लठ्ठपणासाठी जठराच्या वरच्या भागाला बाहेरून पट्टा आवळतात, मग थोडं खाल्लं तरी पोट भरतं. तेव्हा हे नवीन होतं. दत्तूभाऊंनी ते टीव्हीवर पाहिलं होतं.

बाई अंगानं भरलेल्या होत्या, पण पट्टा लागावा इतक्या नाही.

“त्रास काय होतो?”

“चालली की लई दम लागतो,” दत्तूभाऊ म्हणाले.

“त्यांना सांगू द्या.”

बाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, “मला आडवं झोपायचंय. दोन वर्सं भिताडाला टेकून बसूनच झोपते. आडवी झाले की आंबट पानी नरड्यात येतं, जीव घुसमटतो.”

दत्तूभाऊ तिच्याकडे वळले. “मला कधी बोलली न्हाईस?”

“तुमी झोपायला मळ्यात. आन सांगितलं असतं तर म्हनला असता, कमी खा.”

एंडोस्कोपी केली. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली होती, जठराचा वरचा भाग छातीत सरकला होता. पट्ट्यानं हा त्रास वाढलाही असता. काही महिने गोळ्या दिल्या. जळजळ थांबली, पाणी येणं थांबेना. मग ऑपरेशन सुचवलं. पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडायची, जठर खाली ओढायचं आणि त्याचाच वरचा भाग मफलरसारखा अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे.

“म्हंजी बारीक न्हाई व्हनार?” दत्तूभाऊंनी विचारलं.

“नाही. वजन चालून आणि जेवण सांभाळूनच उतरवायचं.”

“मग कशाला उगं पोटाला भोकं?”

“पोट माजं हाय,” सिंधूताई म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे काही आठवडे पातळ खाण्यात गेले. ढेकर निघत नाही, पोट फुगतं, अशी तक्रार त्यांनी केली. हळूहळू तीही कमी झाली.

नंतर एकदा दत्तूभाऊ एकटेच आले. “वजनाचा काटा हाय तिथंच हाय, डॉक्टर.” मग आवाज खाली आणत म्हणाले, “पर परवा मळ्यातून आलो तर ही आडवीच, उन्हं आली तरी उठंना. मी घाबरलो, हलवलं. तर म्हनती, झोपू द्या की जरा.”

पेशंटसोबत आलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही. फक्त तो स्वतःचं दुखणं सांगत असतो.