पूजलेल्या यंत्राला हात

आश्विन शुद्ध नवमी. विळी, कात्री, पक्कड आणि लॅपटॉप पाटावर मांडून हळदकुंकू लावणं, एवढंच त्या सकाळचं काम. लॅपटॉपला मी कुंकू लांबूनच दाखवते. कीबोर्डमध्ये गेलं की महिनाभर निघत नाही.

फुलं वाहत होते तेवढ्यात सॉफ्टवेअर कंपनीची मेल आली. मी सोलापुरातल्या ज्या डायलिसिस केंद्राचा सर्व्हर सांभाळते, तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं होतं. रुग्ण गावाकडून आपले रिपोर्ट वेबसाइटवर चढवतात. त्याच वाटेने कुणीही, पासवर्डशिवाय, स्वतःची फाइल आत सरकवू शकत होतं. आणि आत गेलेली ती फाइल सर्व्हरकडून हवं ते करून घेऊ शकत होती. दुरुस्ती, म्हणजे पॅच, मेलसोबतच होता. खाली एक ओळ होती: या भोकाचा गैरवापर सुरू झाला आहे.

त्या सर्व्हरवर डायलिसिसच्या पाळ्यांची यादी असते, आणि प्रत्येक रुग्णाचं कोरडं वजन. म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढल्यावर माणूस किती किलोचा उरायला हवा, तो आकडा. त्यावर मशीन किती पाणी ओढणार हे ठरतं. आकडा चुकला तर माणूस पलंगावरच बेशुद्ध पडतो. प्रत्येक जण पुन्हा डोळे उघडतोच असं नाही.

घरबसल्या त्या सर्व्हरमध्ये शिरायची वाट मी स्वतःच बंद करून टाकली होती, कारण अशा वाटांवरून चोरही येतात. पॅच तिथल्या खोलीत बसूनच लावावा लागणार होता. स्कूटर काढली.

खोलीला कुलूप. खंडेनवमीला पूजलेल्या यंत्राला दसरा उजाडेपर्यंत हात लावत नाहीत. डायलिसिसची मशीनं थांबवता येत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या वाटची विश्रांती इथे दरवर्षी कॉम्प्युटरच्या खोलीला देतात. किल्ली ट्रस्टच्या अध्यक्षांकडे. निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

"पूजा झालीय, ताई. उद्या सोनं वाटलं की पहिलं कुलूप तुमच्यासाठीच काढतो."

"सर, ते यंत्र चालूच आहे. कसली विश्रांती?"

"चालू राहू दे. आपण हात लावायचा नाही."

"आपण नाही लावला तरी बाकीच्या जगाला मोकळीक आहे."

"एका दिवसात काय आभाळ कोसळतंय? तुमच्या या ईमेल नेहमीच येतात, आणि तुम्ही नेहमीच घाबरवता."

येतात हे खरं. मी दर वेळी पॅच लावते म्हणून काही होत नाही, आणि काही होत नाही म्हणून घाबरवते असं वाटतं.

इंटरनेटची वायर बाहेर व्हरांड्यातल्या डबीत येते. ती मी उपसली. "हिला फूल वाहिलेलं नाही," म्हटलं. सर हसले. मुख्य सिस्टरांना सांगितलं, वेबसाइट उद्यापर्यंत बंद, पाळ्या फोनवर सांगा.

संध्याकाळी श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं, हात पुसले आणि सहज फोनवर वेबसाइट उघडून पाहिली.

उघडली.

सिस्टरांना फोन लावला. "वायर कुणी लावली?"

"मीच की. वैराग गावच्या आज्जीचा लेक सारखा फोन करायलाय, पान उघडंना म्हणून. लई कावला होता. म्हटलं, पाळी तरी दिसू दे बिचाऱ्याला."

"कधी लावली?"

"तुमी गेल्यावर थोड्या येळानं. का वो ताई?"

"आत्ता काढा. मी फोनवर आहे."

वायर निघाली, पान बंद पडलं. पण सबंध दुपार ते दार उघडं होतं. असं दार शोधणाऱ्याला सोलापूर कुठे आहे हे ठाऊक नसतं, आज्जीशी त्याचं वैर नसतं. तो ओळीने सगळी दारं ढकलत जातो, इतकंच. फडक्यातून पाणी भांड्यात ठिबकत होतं. भांडं बदललं आणि झोपले.

दसऱ्याच्या सकाळी अध्यक्षांनी आपट्याचं पान आणि किल्ली एकदमच हातात दिली. सर्व्हरवरचा झेंडूचा हार काढला, पॅच लावला. मग रिपोर्टांच्या फाइली पाहिल्या. सगळे फोटो, पण एक फाइल फोटो नव्हती. नाव रिपोर्टासारखंच, आलेली काल दुपारी. आणि ती सर्व्हरवर चालवलीही गेली होती.

"पॅच लागला ना? मग झालं," अध्यक्ष म्हणाले.

"दार आत्ता लागलं, सर. आत कुणीतरी कालच येऊन गेलंय. त्याने काय हलवलं ते मला सांगता येत नाही."

ते पडद्याजवळ आले. चष्मा सरसावून यादी वाचली. "आकडे तर सगळे जागेवर दिसतायत."

"दिसतायत."

बाहेर वैरागची आज्जी वजनकाट्यावर उभी होती. पाय सुजलेले, लेकाने दंड धरलेला. सिस्टर पडद्यावरचा तिचा आकडा बघून मशीन लावायला निघाल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं. "आज या पडद्यावरचं काही खरं धरायचं नाही. डॉक्टरांना बोलवा. प्रत्येकाचं कोरडं वजन ते स्वतः ठरवतील."

"आवो, पहिली पाळी हाय! आज्जीला दम लागलाय."

"म्हणून तर."

अध्यक्षांनीच डॉक्टरांना फोन लावला. आज्जी बाकावर टेकली. तिचा लेक म्हणाला, "ह्या बाईला काय कळतंय?" डॉक्टर धावत आले, आज्जीला तपासलं, आकडा तोंडी सांगितला आणि तिला आत घेतलं.

मी खोलीत परत गेले. घरून आणलेली बॅकअपची डिस्क शेजारी ठेवली. ती मागच्या आठवड्याची, त्यानंतरच्या नोंदी पुन्हा भराव्या लागणार होत्या. सर्व्हरने विचारलं, सगळं पुसायचं का? मी हो म्हटलं.