तात्यांनी ठेवलेली काच

दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला तात्या काही म्हणजे काही सांगत नसत. हात पाठीमागे बांधून शेजारी उभे राहायचे आणि विचारायचे, "काय दिसतं ते तुझ्या शब्दांत सांग." कुणी म्हणालं, "तुमीच सांगा की तात्या," तर म्हणायचे, "मी सांगितलं की तू माझंच बघशील. मला तुझं पाहिजे." माणूस बोलेल ते वहीत उतरवायचे. चंद्र बघून आमच्या आळीचा न्हावी म्हणाला होता, "देवी आलेल्या माणसाचं तोंड हाय ह्ये." तेही शाईनं लिहिलेलं मी बघितलंय.

तात्या भोर संस्थानच्या कचेरीत कारकून होते. पेन्शनीत निघाले तेव्हा घरात एकटेच. मी आंबवड्याचा सुतार, काम भोरात, शाळा दुसरीपर्यंत. मला लिहिणं शोभत नाही, पण माझी बायको भागूही आता नाही आणि तात्यांचं सांगणारा दुसरा कुणी उरला नाही, म्हणून लिहितो.

दुर्बीण भाटघरच्या धरणावरच्या एका गोऱ्या साहेबाची. विलायतेला परत जाताना तो ती तात्यांना देऊन गेला. तिची सागवानी तिवई मी केली, तेव्हापासून माझं येणंजाणं. तात्यांच्या दोन भाकरी भागू थापायची आणि संध्याकाळी नेऊन द्यायची.

तात्यांचा उजवा डोळा ऑपरेशनात गेला होता. डाव्यातही मोतीबिंदू उतरत होता, पण त्याला ते हात लावू देत नसत. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. शनीभोवती कडं आहे आणि ते शनीला कुठंही टेकत नाही, असं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या दुर्बिणीत शनी म्हणजे जोंधळ्याचा दाणा. लांबट, बस्स. तात्या म्हणायचे, "सखाराम, मधली फट एकदा बघायची आहे. मग हा डोळा गेला तर खुशाल जाऊ दे."

कुणीतरी त्यांना बार्लोच्या काचेचं सांगितलं. डोळ्याकडच्या भिंगाच्या आधी नळीत ही काच बसवली की तेच चित्र मोठं होतं. तात्यांनी पुण्याच्या चष्मेवाल्याला पत्र घातलं. त्यानं दोन काचा पसंतीला पाठवल्या, एक दुप्पट मोठं दाखवणारी, एक तिप्पट. आठवड्यात एक ठेवायची, दुसरी परत.

मी म्हणालो, "ह्यात पसंत काय करायचंय? तिप्पट घ्या."

"तू लाकूडही असंच घेतोस का? न ठोकता?"

मग आम्ही ठोकून बघितलं. देवळाच्या लाकडी दाराला पंचांगाचं पान खिळ्यांनी मारलं आणि तात्यांच्या ओट्यावरून वाचायला लागलो. ऊन रखरखीत. तिप्पट काचेत तिथी, नक्षत्र, सगळं धडधडीत. मला त्या उन्हातही अंगावर काटा आला. देवळापाशी मारलेलं पान माझ्या नाकाशी आलं होतं! दुप्पट काच मी तेव्हाच कापसात गुंडाळून टाकली आणि डबीवर सुतळीही बांधली.

तिन्हीसांजेला शनी पूर्वेला वर आला. तात्यांनी तिप्पट काचेतून बघितलं आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. "दिसतंय काहीतरी. आडवं आहे. मोठं आहे." मग मी बघितलं. मोठं होतं खरं, पण मळकं. तिवईला श्वास लागला तरी थरथरत होतं.

मी म्हणालो, "दुपारी तर झ्याक दिसत हुतं. आता काय झालं हिला?"

"दुपारी उजेड मोप होता. हिला एवढासाच मिळतोय," तात्या म्हणाले. "वाटीभर तेल मोठ्या दाराला फासलंस तर पातळच बसणार ना? सोड ती सुतळी."

तेवढ्यात भागू भाकरी घेऊन आली. तात्या तिला म्हणाले, "भागू, आमच्या दोघांपेक्षा तुझे डोळे चांगले. तू बघ."

"शनीला डोळं भिडवू? आन साडेसाती लागली म्हंजी?"

"मी चार वर्षं बघतोय. मला काय झालं?"

"डोळा गेला की तुमचा!"

मला वाटलं, आता तात्या रागावणार. ते इतके हसले की त्यांना भिंतीला धरावं लागलं. भागूनं शनीला आधी हात जोडले, पदर खोचला आणि वाकली. तिप्पट काचेतून बघून म्हणाली, "धुरात काय तरी ठिवलंय." मी दुप्पट काच बसवली. तिनं दुसरा डोळा हातानं झाकून घेतला.

तात्या म्हणाले, "सांग."

"बारकं हाय... पण कोरल्यावानी. चुंबळीत घागर ठिवल्यावानी दिसतंय."

"मग?"

"पर चुंबळ घागरीला कुटंच शिवत न्हाई, तात्या. मदी काळं हाय. बिनआधाराचं कसं ऱ्हायलंय वं ते?"

तात्यांनी कंदील ओढून तिचे शब्द तसेच वहीत उतरवले. फट हा शब्द त्यांनी तिला कधी सांगितला नव्हता. वही मिटून त्याच काचेतून त्यांनी बघितलं. डोळा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "माझ्या डोळ्याला ठिपका दिसतो. नुसता."

मला राहवलं नाही. "मग तिप्पट ठेवा. तुमची दुर्बीण, तुमचा डोळा. तिच्यात आडवं तरी दिसतंय तुम्हाला!"

"मला डाग दिसतो, सखाराम. हिला कडं दिसतं. डागासाठी कडं परत पाठवू?"

"पण आस तर तुमचीच हुती ना?"

"होती. ते तिथं आहे, एवढं आज कळलं. उद्या तिप्पट काच पुण्याला नेऊन दे."

मी नेऊन दिली. रस्ताभर वाटत होतं, म्हाताऱ्याचा डोळाच खिशात घालून निघालोय.

पुढं दोन हंगाम शनी बघायला माणसं आली. मार्गासनीच्या बायासुद्धा बाजाराला आल्या की भागूच्या ओळखीनं मुक्कामाला थांबायच्या. तात्या चटईवर बसून एकेकीला विचारायचे. त्यांना लिहिता येईना तेव्हा वही मी धरली. माझं दुसरीचं अक्षर बघून लाज वाटायची. ते म्हणायचे, "अक्षर मला कुठं दिसतंय? तू लिही." मग त्यांना दिवसाउजेडीही दिसेना आणि माणसंही आवाजानं ओळखायला लागले. त्याच थंडीत छाती भरून तात्या गेले. फट त्यांनी कधीच बघितली नाही.

त्यांना पोचवून आम्ही परत येत होतो; त्यांच्या घरचं कुणी नव्हतं म्हणून भागूही आली होती. नीरेच्या पुलावर भागू थांबली आणि म्हणाली, "आवं, त्यांच्या वाटणीचं म्या बघितलंय. आता हे डोळं सांबाळाय पायजेत." दुसऱ्या दिवसापासून तिनं चुलीत ओलं लाकूड घातलं नाही. धुरानं डोळे जातात म्हणून उन्हाळ्यातच फाटी वाळवून रचून ठेवायची. जन्मभर. मी चिडायचो, उगाच कामं वाढवते म्हणून बोलायचो.

यंदा श्रावणात ते डोळे मी माझ्या हातानं मिटले. मोतीबिंदूचा ठिपकासुद्धा नव्हता त्यांत.