समितीपुढं दिलेली उत्तरं

डेटा अ‍ॅनालिटिक्सचं एमएस्सी करून मला तीन वर्षं झाली होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी बुलढाण्याजवळच्या धाड या आमच्या गावी घरी बसूनच करायची. एक दिवस आमच्या विभागप्रमुख सरांचा फोन आला. अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती येणार होती आणि तिच्यासमोर माजी विद्यार्थी लागणार होते. मी येते म्हटलं.

समितीत तिघं होते. इथं शिकलेलं कामात उपयोगी पडतं का, असं त्यांनी विचारलं. सर दाराजवळ उभे होते.

"हो, खूप," मी म्हटलं.

पुढच्या प्रश्नांनाही तशीच उत्तरं दिली. दहा मिनिटांत मी बाहेर.

खोटं नव्हतं ते. संख्याशास्त्राच्या बाईंनी इतकं पक्कं शिकवलं होतं, की आजही आकडा समोर आला की मी आधी त्याच्यावर संशय घेते. पण प्रोग्रामिंगला दोन वर्षांत चार शिक्षक बदलले आणि प्रत्येकानं पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. प्रकल्प आम्ही सगळ्यांनी इंटरनेटवरच्या तयार माहितीवर उरकले. नोकरीत पहिल्याच आठवड्यात अर्धवट भरलेल्या, एकाच गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेल्या याद्या आल्या आणि मी रडकुंडीला आले होते. यातलं काहीच मी बोलले नव्हते. परतीच्या एसटीत मला धड बसवेना.

घरी पोचले तर शेजारची मुलगी ओट्यावर वाट बघत होती. तिच्या घरी भाजीपाल्याची शेती. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिला याच अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. मी विभागाचं कौतुक सुरू केलं, तसं तिनं थांबवलं.

"ताई, त्यायले काय सांगतलं ते राहू दे. मले खरं सांग. तिथं दोन वर्षं घालवू का मी?"

मग मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे त्यायले काऊन नाही सांगतलं?"

सर तिथंच उभे होते, एवढंच मला म्हणता आलं.

पुढचे तीन दिवस कामात मन लागेना. बसायची, उठायची, केलेलं पुन्हा तपासायची. चौथ्या दिवशी सरांना दीड पानाचं पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला. रागावले नव्हते, थकलेले वाटले.

"हे सगळं मला माहीत आहे गं," ते म्हणाले. "समितीनं लिहिलं असतं, तर त्या जोरावर मला एक कायमचा शिक्षक मागता आला असता."

अहवाल तोवर गेला होता. माजी विद्यार्थी समाधानी आहेत, असं त्यात एक वाक्य होतं. सरांना वाईट वाटू नये म्हणून मी जे बोलले नव्हते, नेमकं तेच त्यांना समितीसमोर यायला हवं होतं.

शेजारची मुलगी मात्र माझ्या शब्दावर विसंबून राहिली नाही. परवानगी काढून एक दिवस विभागात बसून आली. प्रवेश घेतला तेव्हा म्हणाली, "संख्याशास्त्राच्या बाईंसाठी जाऊन राह्यली. बाकीचं तुह्याकडून शिकीन."

सुट्टीत आली की आम्ही दोघी तिच्या प्रकल्पाला बसतो. गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी ती स्वतः मोजून आणते. निम्म्या नोंदी चुकलेल्या असतात. त्या दुरुस्त करता करता दुपार निघून जाते.